सोरायसिस : समज, गैरसमज आणि उपचार

अहवालातील जमाखर्चाची व रुग्णसंख्येची पाने सन्माननीय विश्वस्त व देणगीदार बारकाईने पाहतात, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याच अहवालात एखाद्या आजाराची साधी व सविस्तर ओळख करून द्यावी, म्हणजे तो रुग्णांच्या नातेवाइकांच्याही उपयोगी पडेल, या हेतूने हा लेख देत आहोत. येथे निवडलेला आजार जीवघेणा म्हणून प्रसिद्ध नाही. त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागत नाही आणि तो बरा झाल्याचे समाधानही कोणास लाभत नाही, कारण तो कायमचा बरा होत नाही. तरीही जी माणसे अत्यंत खचलेल्या मनःस्थितीत आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात, त्यांत सोरायसिसचे रुग्ण ठळकपणे नजरेत भरतात.

कोन हे गाव जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर आहे. आसपासच्या गावांतील शेतकरी, रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातील कारखान्यांत जाणारे कामगार आणि वीटभट्ट्यांवरील मजूर अशी येथील वस्ती आहे. म्हाडाने २०१६ साली गिरणी कामगार व त्यांच्या वारसांसाठी कोन येथील सुमारे २,४०० घरांची सोडत काढली. त्या इमारतींतून राहावयास येऊ लागलेली गिरणगावातील कुटुंबेही आता या वस्तीत मिसळत आहेत. अंगावर लाल चट्टा उठला की यांतील प्रत्येक जण आपापल्या अनुभवानुसार त्याचे निदान करतो. कारखान्यातील कामगार म्हणतो, “केमिकल बाधले.” शेतकरी म्हणतो, “चिखलाने झाले.” मुंबईहून आलेली आजी म्हणते, “इकडचे पाणी लागले.” आणि या सर्वांच्या मनात, ओठांवर न येणारी, एक चौथी शंका असते. तिच्याविषयी पुढे विस्ताराने लिहीत आहोत.

प्रथम आजार म्हणजे नेमके काय ते पाहू. आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी सतत नव्या पेशी तयार होत असतात. त्या हळूहळू वर सरकतात, मृत होतात आणि आपल्या नकळत गळून पडतात. निरोगी त्वचेत हा प्रवास साधारण महिनाभर चालतो. सोरायसिसमध्ये तोच प्रवास तीन-चार दिवसांत उरकला जातो. पेशींना पक्व होण्यास व सुटून पडण्यास अवधीच मिळत नाही. त्या एकमेकींवर साचतात आणि लालसर, जाड चट्ट्यावर चांदीसारखे चकचकीत पापुद्रे दिसू लागतात. कोपरे, गुडघे, कंबरेचा मागील भाग आणि डोके या त्याच्या आवडत्या जागा. डोक्यातील चट्टे कित्येक वर्षे ‘कोंडा’ या नावाखाली खपून जातात. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात, नख पिवळे होऊन टोकाकडून सुटू लागते आणि त्यास बुरशी समजून भलतेच औषध लावले जाते.

ही घाई का होते? याचे उत्तर त्वचेत नसून शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेत आहे. जंतूंशी लढण्यासाठी असलेल्या पांढऱ्या पेशी कोणताही जंतू नसताना त्वचेत जमतात आणि दाह निर्माण करणारी रसायने सोडत राहतात. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१७ आणि इंटरल्यूकिन-२३ ही त्यांतील प्रमुख नावे. गावात चोर शिरल्याची खोटी हाकाटी झाली आणि सगळे गाव काठ्या घेऊन आपल्याच दारात उभे राहिले, तर जसे होईल तसे हे आहे. तेव्हा ‘रक्त अशुद्ध झाले’ या समजुतीस आधार नाही. रक्त शुद्ध करण्याच्या काढ्यांवर खर्च केलेला पैसा वाया जातो. आजाराची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते. मात्र आई किंवा वडील यांपैकी एकास सोरायसिस असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही, हे लग्नाच्या बैठकीत अवश्य सांगावे.

भारतातील निरनिराळ्या पाहण्यांत या आजाराचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के आढळले आहे. त्यांतील लहानात लहान आकडा धरला तरी हजार वस्तीच्या गावात चार-पाच रुग्ण असावयास हवेत. ते दिसत नाहीत, कारण ते लपलेले असतात. मे महिन्याच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेला तरुण, भावाच्या लग्नात हळदीला न बसलेली बहीण, न्हाव्याने एकदा तोंड वाकडे केल्यापासून घरीच केस कापून घेणारे गृहस्थ हे सारे याच आजाराचे रुग्ण असू शकतात.

वर उल्लेखिलेली चौथी शंका ‘महारोगा’ची असते. पनवेल तालुक्यास कुष्ठरोग अनोळखी नाही. नेरे येथील शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीचे कार्य अनेक दशके चालू आहे. महाराष्ट्राची या क्षेत्रातील परंपराही फार मोठी. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय, मनोहर दिवाण यांचे दत्तपूर, शिवाजीराव पटवर्धन यांचे अमरावतीचे तपोवन आणि बाबा आमटे यांचे आनंदवन ही नावे मराठी घरांत आदराने घेतली जातात. आदर असला तरी भीती गेलेली नाही. त्यामुळे त्वचेवर चट्टा दिसताच घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात प्रथम तोच शब्द येतो.

हा गोंधळ केवळ अडाण्यांचा नव्हे. वैद्यकशास्त्रासही तो सोडवण्यास शतके लागली. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ ही संज्ञा त्वचेच्या अनेक विकारांना मिळून वापरलेली आहे. चरकसंहितेत सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे अशी अठरा कुष्ठे सांगितली असून, त्यांतील ‘एककुष्ठ’ माशाच्या खवल्यांसारखे दिसते असे वर्णन आहे. अनेक अभ्यासकांना त्यात सोरायसिसचे साम्य आढळते. युरोपातही ग्रीक काळापासून ‘लेप्रा’ या एका शब्दाखाली खवले धरणारे नाना विकार कोंबले गेले. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या आजाराचे नेटके वर्णन केले, तरी त्यांनीही ‘लेप्रा’ हा शब्द सोडला नाही. १८४१ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी सोरायसिसला त्या शब्दातून सोडवले. पुढे १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला आणि दोन्ही आजारांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. शास्त्रात वेगळ्या झालेल्या या वाटा आपल्या ओसरीवर अजून एकच आहेत.

दोहोंतील फरक सामान्य माणसासही समजण्याजोगा आहे. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो. त्यावर स्पर्श कळत नाही, खाज क्वचितच येते आणि चांदीसारखे पापुद्रे नसतात. सोरायसिसच्या चट्ट्यावर स्पर्श व्यवस्थित कळतो, पुष्कळांना खाज येते आणि पापुद्रा खरवडल्यास खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. (हा प्रयोग घरी करून पाहू नये. तपासणे डॉक्टरांवर सोपवावे.) कुष्ठरोग जंतूमुळे होतो, सोरायसिसमध्ये जंतू नसतो. म्हणून सोरायसिस स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर निजल्याने किंवा पतिपत्नीच्या संबंधाने कोणासही लागत नाही. गळून पडलेल्या पापुद्र्यांतूनही तो पसरत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. रुग्णास धीर देताना नातेवाईक म्हणतात, “घाबरू नकोस, तुला काही तो वाईट रोग नाही.” हेतू चांगला असतो, पण त्यातून शेजारच्या कुष्ठरुग्णाचा अकारण अपमान होतो. वस्तुस्थिती तर उलटी आहे. ज्या कुष्ठरोगाची लोकांना धास्ती वाटते तो सहा किंवा बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो आणि ही औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात होते, तेही २०१९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. उलट, ‘तो वाईट रोग नाही’ म्हणून सोडून दिलेला सोरायसिस आयुष्यभर सोबत राहतो. तेव्हा तुलना करावयाचीच तर ती उपचारांची करावी.

सोरायसिस दबा धरून बसतो आणि काही निमित्ताने उसळतो. थंडीतील कोरडी हवा, घशाचा संसर्ग (विशेषतः लहान मुलांत घसा दुखल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे पुरळ उठते), दारू, बिडी-सिगारेट, वाढलेले वजन आणि मानसिक ताण ही त्याची परिचित निमित्ते. जेथे त्वचा खरचटते, भाजते किंवा सतत घासली जाते तेथेही नवा चट्टा उमटू शकतो. लावणीच्या दिवसांत पायाला लागलेल्या धारदार गवताच्या ओरखड्यावर आठ-पंधरा दिवसांनी चट्ट्यांची रांग उठते, ती यामुळे. चिखल बाधलेला नसतो. काही औषधेही निमित्त होतात. रक्तदाबासाठी दिली जाणारी काही बीटा-ब्लॉकर औषधे, मनोविकारावरील लिथियम आणि हिवतापावरील क्लोरोक्विन ही त्यांतील प्रमुख होत. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर आपणास सोरायसिस असल्याचे आपण होऊन सांगावे. कारखान्यातील रसायनांनी होणारा त्वचेचा दाह हा बहुधा वेगळा विकार असतो. तो सुट्टीत कमी होतो व कामावर गेल्यावर वाढतो. सोरायसिस असा रजा पाहून वागत नाही.

पथ्याविषयी आम्हांस सर्वाधिक प्रश्न विचारले जातात. वांगे, अंडी, मासळी, आंबट, दही यांपैकी कशानेही सोरायसिस होतो किंवा वाढतो असा भरवशाचा पुरावा नाही. आपल्या भागात मासळी बंद करणे म्हणजे घरातील प्रथिनांचा मोठा आधार काढून घेणे होय. वजन जास्त असल्यास ते कमी केल्याने मात्र आजार कमी होतो व औषधेही अधिक लागू पडतात, हे निश्चित. तेव्हा पथ्य करावयाचेच तर दारू, तंबाखू व तळलेल्या पदार्थांचे करावे. ते अवघड असल्यामुळेच बहुधा वांग्यावर राग निघतो.

आता उपचारांकडे वळू. सोरायसिसच्या औषधांच्या इतिहासात आपल्या पश्चिम किनाऱ्याचे नाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ नावाचे पिवळट चूर्ण नायट्यावरील औषध म्हणून येथे विकले जाई. मुंबईतील औषधविक्रेते केम्प यांनी १८६० च्या दशकात त्याकडे पाश्चात्त्य औषधतज्ज्ञांचे लक्ष वेधले. (त्यांच्या दुकानावरूनच केम्प्स कॉर्नर हे नाव पडले.) ते चूर्ण गोव्यात पिकत नव्हते. ब्राझीलमधील आराराोबा वृक्षाच्या खोडातून निघून पोर्तुगीज जहाजांतून ते गोव्यास येत असे. १८७० च्या दशकात लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांना हेच चूर्ण सोरायसिसवर गुणकारी असल्याचे आढळले. पुढे १९१६ मध्ये जर्मनीत त्यातील घटकाशी मिळतेजुळते कृत्रिम औषध तयार झाले. तेच डिथ्रॅनॉल. अनेक दशके ते जगभर सोरायसिसवरील एक प्रमुख मलम होते. कपड्यांवर तपकिरी डाग पाडण्याच्या खोडीमुळे ते मागे पडले, इतकेच.

आपल्याकडील बावचीचेही असेच आहे. आयुर्वेदात पांढऱ्या डागांवर वापरल्या जाणाऱ्या या वनस्पतीत सोरालेन नावाचे द्रव्य असते. ते त्वचेस प्रकाशाबाबत संवेदनशील करते. १९७४ साली अमेरिकेत सोरालेन वर्गातील औषध देऊन अतिनील ‘अ’ किरण सोडण्याची उपचारपद्धती सोरायसिससाठी प्रसिद्ध झाली. आता बहुतेक ठिकाणी त्याऐवजी केवळ अतिनील ‘ब’ किरणांचा अरुंद पट्टा वापरतात, त्यास औषध घ्यावे लागत नाही. हा उपचार सुरक्षित व परिणामकारक आहे, गरोदर स्त्रियांनाही देता येतो. त्यातील अडचण अंतराची आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, असे काही महिने यावे लागते. रोजंदारी बुडवून मुंबईस इतक्या फेऱ्या मारणे कोणास परवडणार? यंत्र घराजवळ असणे हा येथे उपचाराचाच भाग होय. बावचीचे तेल स्वतःच लावून उन्हात बसण्याचा प्रयोग मात्र कृपया करू नये. त्याने मोठे भाजण्याचा धोका असतो.

सौम्य आजारात, म्हणजे अंगाचा थोडाच भाग व्यापलेला असताना, मलमेच पुरेशी होतात. साधे व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावावे. हे औषध नव्हे असे समजून त्याची उपेक्षा होते, पण पापुद्रे मऊ झाल्याशिवाय वरचे औषध आत पोहोचत नाही. त्यावर डॉक्टर स्टेरॉइड मलम, ‘ड’ जीवनसत्त्वासारखे कॅल्सिपोट्रिऑल, कोलटार किंवा सॅलिसिलिक आम्ल यांची योजना करतात.

‘मलमाचा गुण येत नाही’ ही तक्रार फार वेळा ऐकू येते. तेव्हा आम्ही रुग्णाबरोबर एक हिशेब मांडतो. रुग्णाचा स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे एक टक्का भाग. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढे मलम पिळले तर ते सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. समजा, दहा तळहातांएवढी त्वचा आजारी आहे. एका वेळेस अडीच ग्रॅम, दिवसातून दोन वेळा लावावयाचे तर पाच ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब तीन दिवसांत संपली पाहिजे. प्रत्यक्षात तीच ट्यूब दोन महिने पुरवलेली असते, कारण पुढची आणण्यास पैसे नसतात. येथे दोष मलमाचाही नाही आणि रुग्णाचाही नाही. इतकी जागा व्यापलेली असेल तर मलमांवर विसंबून न राहता प्रकाशोपचार किंवा पोटातील औषधांचा विचार करावा लागतो.

याच्या अगदी उलट चूक स्टेरॉइड मलमांबाबत होते. दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ म्हणून आणलेल्या पुष्कळ मिश्रणांत तीव्र स्टेरॉइड असते. चार दिवसांत चट्टा फिका पडतो, म्हणून ती महिनोन्‌महिने चेहऱ्यास, काखेत, जांघेत लावली जाते. त्वचा पातळ होते, त्यावर कायमचे वळ पडतात आणि मलम थांबवताच आजार दुप्पट जोराने येतो. मुळात तो सोरायसिस नसून नायटा असेल तर स्टेरॉइडखाली बुरशी मुक्तपणे पसरते. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर केंद्र शासनाने २०१८ मध्ये अशा चौदा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या यादीत घातले. नियम झाला, पण शेजारणीने दिलेल्या ट्यूबला चिठ्ठी लागत नाही.

पोटातून घेतलेले स्टेरॉइड याहून घातक. ‘मुळापासून बरा करतो’ अशी हमी देणारे कित्येक जण बिननावाच्या पुड्या किंवा काळ्या गोळ्या देतात. आठवडाभरात अंग स्वच्छ होते आणि चमत्काराची वार्ता चार गावांत पोहोचते. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. पुड्या संपल्या किंवा पैसे संपले की काही रुग्णांच्या सर्वांगावर पुवाच्या बारीक फोडी उठतात अथवा नखशिखान्त त्वचा लाल होऊन सोलली जाते, ताप भरतो, थंडी वाजते. त्वचा हे शरीराचे आवरण असल्याने त्यातून पाणी, उष्णता व प्रथिने भराभर निघून जातात. असा रुग्ण घरी ठेवू नये, त्यास त्वरित दाखल करावे. सोरायसिसने सहसा जीव जात नाही असे आपण म्हणतो, पण या अवस्थेत तो जाऊ शकतो.

आजार पसरलेला असेल, किंवा तळहात-तळपायांस भेगा पडून काम करणे अशक्य झाले असेल, तर मिथोट्रेक्सेट हे औषध आजही आमचा मुख्य आधार आहे. त्याचा जन्म अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत, यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली १९४० च्या दशकात झाला. कर्करोगासाठी शोधलेल्या याच कुळातील अ‍ॅमिनोप्टेरिन संधिवातासाठी देत असताना रुग्णांचा सोरायसिसही निवळल्याचे १९५१ मध्ये नोंदवले गेले, आणि तेथून हा उपयोग सुरू झाला. औषध स्वस्त आहे. पण त्याविषयी एक वाक्य प्रत्येक घरातील प्रत्येक वाचत्या माणसाने लक्षात ठेवावे अशी आमची कळकळीची विनंती आहे. सोरायसिससाठी मिथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच ठरावीक दिवशी घ्यावयाचे असते, रोज कधीही नाही. रोज घेतल्यास तोंड सोलते, रक्तपेशी घटतात आणि मृत्यूही ओढवतो. सोबत दिली जाणारी फॉलिक आम्लाची गोळीही लहान आणि पुष्कळदा पिवळीच असते, त्यामुळे अदलाबदल सहज होते. म्हणून पाकिटावर वार ठळक अक्षरांत लिहून घ्यावा आणि गोळी देण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीने सांभाळावे. हे औषध चालू असताना दारू पूर्ण वर्ज्य, ठरलेल्या वेळी रक्ताची व यकृताची तपासणी आवश्यक, आणि गर्भधारणा होऊ देऊ नये. मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे. अ‍ॅसिट्रेटिन या दुसऱ्या औषधाबाबत तर ते थांबवल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते, त्यामुळे तरुण स्त्रियांना ते सहसा देत नाहीत. सायक्लोस्पोरिन व अप्रेमिलास्ट हे इतर पर्यायही उपलब्ध आहेत.

गेल्या वीस वर्षांत आलेली जैविक औषधे नेमक्या त्या दाहकारक रसायनांनाच अडवतात. त्यांचे परिणाम पाहून आम्हीही अनेकदा थक्क होतो. यात भारतीय कंपन्यांचा वाटा लक्षणीय आहे. बंगळुरूच्या बायोकॉनने इटोलिझुमॅब हे औषध २०१३ मध्ये सोरायसिससाठी बाजारात आणले. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने अ‍ॅडॅलिमुमॅबचे जगातील पहिले समरूप औषध २०१४ च्या डिसेंबरात आणले, आणि किमती उतरू लागल्या. तरीही सामान्य कुटुंबास ती जड जातात. शिवाय आपल्या देशात क्षयरोग सर्वत्र असल्याने, शरीरात दबलेला क्षय नाही ना याची तपासणी केल्याखेरीज ही इंजेक्शने सुरू करता येत नाहीत.

आजार त्वचेपुरता थांबत नाही, हेही सांगितले पाहिजे. काही रुग्णांना सांध्यांचा सोरायसिस होतो. सकाळी उठल्यावर बोटे आखडतात, एखादे बोट सबंध सुजते, टाच दुखते. लवकर उपचार न मिळाल्यास सांधे कायमचे वाकडे होतात, म्हणून त्वचेच्या रुग्णास आम्ही दर खेपेस सांध्यांविषयी विचारतो. मधुमेह, रक्तदाब, यकृतावरील चरबी व हृदयविकार यांचे प्रमाणही या रुग्णांत अधिक असते. कंबर मोजण्याचा व साखर तपासण्याचा आग्रह त्यासाठीच आहे. चट्टे दाखवावयास आलो आणि हे रक्तदाब कसला पाहतात, असा भाव चेहऱ्यावर दिसतो, पण तो सहन करतो.

मनाविषयी लिहिणे कठीण आहे. सोरायसिसच्या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण अधिक असते आणि काहींच्या मनात जीव देण्याचे विचारही येतात. हा हट्ट नव्हे किंवा मनाचा दुबळेपणाही नव्हे, तो आजाराचाच भाग समजून त्यावरही उपचार घ्यावेत. या आजारामुळे होणारी सामाजिक अवहेलना हाही आरोग्याचाच प्रश्न आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१४ च्या ठरावाने मान्य केले. पण ठराव जिनिव्हात होतात आणि ताट-वाटी वेगळी होते ती आपल्या स्वयंपाकघरात. सूनबाईचा पेला बाजूला ठेवला गेला की ती गोळ्या लपवून घेऊ लागते, मग चुकवू लागते, तपासणीस येणे टाळते, आणि कोणी पुडीचा पत्ता दिला की तिकडे जाते. वर वर्णिलेल्या गंभीर प्रसंगांची सुरुवात अनेकदा अशा एखाद्या पेल्यापासून होते. म्हणून पहिल्या भेटीस शक्य तर सासूबाईंनी, पतीने किंवा घरातील कर्त्या माणसाने सोबत यावे, असे आम्ही सांगतो. डॉक्टरांनी त्यांच्यादेखत हातमोजे न घालता रुग्णाचा हात हातात घेऊन तपासला, तर तासभर समजावण्याचे काम क्षणात होते.

देणगीदारांस एक निवेदन. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी सढळ हस्ते साहाय्य मिळते, कारण दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते आणि दिसू लागते. सोरायसिसमध्ये असा दुसरा दिवस नाही. येथे लागते ते दरमहा मलम, दर काही आठवड्यांनी रक्ततपासणी, आठवड्यातून दोन-तीनदा येण्याचे गाडीभाडे. अशा खर्चाची कोनशिला बसवता येत नाही. तरीही हा खर्च ज्यांना नियमित मिळतो ते कामावर टिकतात आणि ज्यांना मिळत नाही ते पुन्हा पुड्यांकडे वळतात, हा फरक विश्वस्त मंडळाने निधीचा विनियोग ठरवताना ध्यानी घ्यावा.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी शेवटी तपासणीस येण्याविषयी. येताना आजवर लावलेल्या सर्व ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, सोबत आणाव्यात. रक्तदाब, मधुमेह किंवा अन्य कोणत्याही आजाराच्या गोळ्यांची पाकिटे, जुने तपासणी अहवाल आणि घेतलेल्या पुड्या, तेले, काढे हेही आणावे. त्यावरून कोणीही रागावणार नाही. पुडी कोठून घेतली हे सांगावयाचे नसेल तर सांगू नये, मात्र ती किती दिवस घेतली व केव्हा थांबवली हे खरे सांगावे. चालू असलेली पुडी येण्यापूर्वी एकदम बंद करू नये. ती कशी थांबवावयाची ते डॉक्टर ठरवतील. नखांवरील रंग व मेंदी त्या दिवशी टाळावी, कारण नखे पाहावयाची असतात. सर्वांगावर पुवाच्या फोडी, अंगभर लाली, ताप किंवा मिथोट्रेक्सेट चालू असताना तोंडात फोड आल्यास मात्र तारखेची वाट न पाहता, दिवस असो वा रात्र, रुग्णास थेट रुग्णालयात आणावे.